शुक्रवारची खुर्ची

पप्पांना ऐकू यायला लागलं, ही बातमी तिला पप्पांनी सांगितलीच नाही. सांगितली खालच्या इस्त्रीवाल्यानं, तीही कपड्यांचा गठ्ठा हातात देता देता, गल्लीतला दिवा दुरुस्त झाल्याचं सांगावं तशी.

"अभिनंदन हो ताई! काकांचे कान उघडले म्हणे. काल प्रार्थनेत. माझी बायको होती तिथं, रडून रडून डोळे सुजलेत तिचे."

ती जिन्यातच थांबली. दुसरी कुणी असती तर गठ्ठा तिथंच टाकून वर धावली असती, बापाच्या गळ्यात पडली असती. हिच्या मनात मात्र पाल चुकचुकली. आणि का नाही चुकचुकणार? ही बाई कानांचीच. श्रवणयंत्रांच्या दुकानात वरच्या मजल्यावर तपासणीची खोली आहे, तिथं ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे कान तपासते. खोटे बहिरे तिनं किती पाहिले असतील! नुकसानभरपाई मिळावी म्हणून झालेले बहिरे, सुनेशी बोलायला नको म्हणून झालेले बहिरे, एक तर निव्वळ बायकोचं घोरणं ऐकू येत नाही असं शपथेवर सांगणारा. सगळे तिनं पकडलेत. आणि पप्पांचे कान तर तिनंच दरवर्षी तपासलेत. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ठोकणाऱ्या यंत्रापाशी ते जन्मभर उभे राहिले. आतल्या नसा जळून गेल्या. त्या नसा परत येत नाहीत. रडून येत नाहीत, गाऊन येत नाहीत, कुणी डोक्यावर हात ठेवूनही येत नाहीत.

वर आली तर पप्पा खिडकीजवळ पेपर वाचत बसलेले. कान मोकळा. मशीन नाही.

"मशीन कुठंय?" तिनं समोर उभं राहून विचारलं.

"कपाटात ठेवलंय," पप्पा तिच्या तोंडाकडे बघत म्हणाले. "आता त्याचं काय काम?"

आणि असे हसले की जणू परीक्षेत पहिले आलेत. तिनं पाठ फिरवली, कपडे कपाटात लावता लावता साध्या आवाजात म्हणाली, "पप्पा, तुमच्या पायाशी झुरळ आहे." पप्पांनी पेपरचं पान उलटलं.

"पप्पा!" या वेळी तिनं दार दाणकन आपटलं, तेव्हा त्यांनी वर बघितलं. फरशी हादरली म्हणून बघितलं, हे तिला कळलं. "अगं, मी वाचनात होतो," ते म्हणाले. वाचनात म्हणे! कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि कुठं, हे शोधल्याशिवाय तिला जेवण गोड लागणार नव्हतं.

आता ही प्रार्थना कसली, ते सांगायला हवं. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, मागच्या लहान सभागृहात दर शुक्रवारी संध्याकाळी दहापंधरा माणसं जमतात. मधोमध एक खुर्ची. पूर्वी सगळ्यांची दुखणी एकापाठोपाठ एक वाचून आमेन म्हणत मोकळे व्हायचे. मग मंडळीतल्या एका म्हाताऱ्या नर्सबाई एकदा कडाडल्या, "ही काय प्रार्थना झाली? ही तर हजेरी झाली!" आणि त्यांनी नियम घातला. खुर्चीत एका वेळी एकच माणूस. त्याचं दुखणं, त्याचाच ध्यास. तो माणूस स्वतः उठून 'झालं' म्हणेपर्यंत दुसऱ्याला बसवायचं नाही. पप्पा त्या खुर्चीत गेले सातआठ महिने बसत होते. दर शुक्रवारी न चुकता इस्त्री केलेला शर्ट घालून जायचे, लोकांचे हात डोक्यावर घ्यायचे आणि जसे गेले तसे बहिरे परत यायचे. तिची त्याला कधी हरकत नव्हती. तेवढाच त्यांचा वेळ जातो, असं ती म्हणायची.

पण काल ते उठले आणि 'झालं' म्हणाले.

तिला पहिला संशय आला तो प्रार्थना चालवणाऱ्या पाळकाचा. नवीन होता, पोरसवदा होता, गिटार वाजवायचा, आणि सभागृहाचं छत गळत होतं. मंडळी पातळ होत चाललेली. अशा वेळी एखादा चमत्कार घडला तर कुणाला नको असतो? म्हाताऱ्याला पटवलं असणार, तिनं मनाशी ठरवूनच टाकलं. काका, विश्वास ठेवा, उठा, म्हणा झालं. आणि पप्पा म्हणजे भिडेला बळी पडणारा माणूस. दारात आलेल्या साबणवाल्यालासुद्धा नाही म्हणवत नाही त्यांना, न्हाणीघरात चार वर्षं पुरेल एवढा साबण आहे.

संशय रागात बदलला तो तिसऱ्या दिवशी. ती कामावरून येत होती, पप्पा समोरच्या फुटपाथवरून पाव घेऊन रस्ता ओलांडायला निघाले. मागून टेंपो वळला. हॉर्नवर हॉर्न. अख्ख्या रस्त्यानं माना वळवल्या, एक यांनीच नाही. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून निभावलं. तो खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काका, बहिरे आहात का?" आणि पप्पांनी त्याला हसून हात केला! पावाची पिशवी तिनं त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलीच.

"मशीन घाला," घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती म्हणाली.

"कशाला? मंडळी काय म्हणेल?"

"मंडळी तुमच्या मयताला येऊन गाणी म्हणेल!"

हे बोलू नये ते बोलून गेली. मग तिलाच वाईट वाटलं, चहा टाकला, आणि समोर बसून, तोंड नीट त्यांच्याकडे ठेवून म्हणाली, "पप्पा, खरं सांगा. तुमचा विश्वास आहे या सगळ्यावर? लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, पाच भाकरीत हजारो जेवले? मला तर लहानपणापासून वाटतं, सगळ्यांनी आपापल्या पिशवीत भाकरी लपवून आणल्या होत्या. एकानं काढली म्हणून बाकीच्यांनी लाजेकाजेनं काढली."

"असेल की," पप्पा म्हणाले. "लपवलेली भाकरी बाहेर काढायला लावणं हे काय कमी आहे?"

"विषय बदलू नका. आणि ते तळं, पाणी हललं की पहिला उतरेल तो बरा होतो म्हणायचे ते? पाच ओसऱ्या भरून आजारी माणसं पडलेली, आंधळी, लंगडी. बरं कुणाला केलं? एकाला! बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? आईनं काय घोडं मारलं होतं?"

आईचा विषय तिनं काढायला नको होता, पण तो मनात कायमच होता. आईच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली, प्रार्थना झाल्या, उपास झाले. दवाखाना हरला आणि देऊळही हरलं. तेव्हापासून तिनं देवळाची पायरी चढणं सोडलं. आणि दवाखान्याची पायरी चढणं कधी सोडलं, तेही सांगून टाकायला हवं. यंदा अंघोळ करताना तिच्या स्वतःच्या हाताला गाठ लागली, तेव्हा. डाव्या छातीत, वाटाण्याएवढी. एका डॉक्टरीणबाईंना दाखवली, त्या म्हणाल्या सुई घालून तपासायला हवी, उशीर नको. तिनं तारीख घेतली, रद्द केली, पुन्हा घेतली, पुन्हा रद्द केली. साऱ्या शहराला 'बसा, तपासून घेऊ, घाबरायचं काय त्यात' म्हणणारी बाई! एका मैत्रिणीला फोनवर सांगितलं, बाकी कुणाला नाही. पप्पांना तर मुळीच नाही. ते एकदा या दुखण्यातून गेले होते. तेवढं पुरे होतं.

पप्पांनी कप खाली ठेवला. "त्या तळ्याच्या गोष्टीत लोक बरं झालेलं बघतात," ते म्हणाले. "मी वेगळंच बघतो. अडतीस वर्षं पडलेल्या माणसाला प्रभू विचारतो, तुला बरं व्हायचंय का? आता याचं उत्तर काय? हो. पण तो हो म्हणतच नाही. तो म्हणतो, मला पाण्यात सोडायला कुणी नाही. मी जाईपर्यंत दुसराच कुणीतरी पुढं उतरतो. त्याचं खरं दुखणं पायात नव्हतंच बघ."

"कुणी शिकवलं हे? त्या गिटारवाल्यानं?"

पण पप्पांनी उत्तर दिलं नाही. ती बोलता बोलता चहाची भांडी उचलायला वाकली होती, तोंड खाली होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं गोड बोलून त्यांना दुकानात नेलं. "एवढे कान उघडलेत तर एकदा तपासू या तरी," म्हणाली. पप्पा लगेच तयार झाले. तिथंच तिचा संशय दुप्पट झाला, कारण खोटा माणूस नेहमी एवढ्याच तत्परतेनं तयार होतो.

तपासणीची खोली म्हणजे गाद्या लावलेली एक पेटीच. माणसाला आत बसवायचं, कानावर हेडफोन घालायचे, हातात बटण द्यायचं. बाहेर काचेपलीकडे ती. 'पीं' आवाज ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं, बाहेर दिवा लागतो. खोटे बहिरे पकडायच्या तिच्याकडे पुष्कळ युक्त्या. पण बहिरा असून ऐकू येतं म्हणणारा माणूस तिच्या खुर्चीत आजवर कधी बसला नव्हता. असला खोटारडेपणा करतो कोण?

सुरुवातीला तिनं दोनचार जाड, मोठे आवाज सोडले. पप्पांनी बटण दाबलं. ते त्यांना येतातच. मग तिनं आवाज सोडणं बंदच केलं. हेडफोनमध्ये काही नाही, शुकशुकाट. फक्त मधूनमधून तिनं उजवा खांदा जरासा हलवला, बटण फिरवल्यासारखा.

खांदा हलला. दिवा लागला.

तिनं खांदा स्थिर ठेवला. दिवा नाही. पुन्हा हलवला. लागला. आयुष्यभर यंत्राची हालचाल बघून हात मागं घेणारा माणूस तो, त्यांना तिचा खांदा वाचणं काय अवघड? काचेपलीकडून ते तिच्याकडे बघत होते, ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, सगळा जीव डोळ्यांत गोळा झालेला. निव्वळ शांततेला ते 'हो, आलं, हो, आलं' म्हणत होते.

तिला पकडल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला रडू आलं, ते तिनं खोकून दाबलं. आत जाऊन तिनं हेडफोन काढले तर पप्पा विचारतात कसे, "पैकीच्या पैकी?"

"हो," ती म्हणाली. "पैकीच्या पैकी."

म्हणजे तीही खोटं बोलली. तो चेहरा बघून कुणाची छाती झाली असती? पण रागाला कुठंतरी जागा लागते, आणि तो सगळा त्या पाळकाच्या नावावर जमा झाला. माझ्या बापाला साऱ्या गावादेखत खोटं बोलायला लावलं, तो काय आता टेंपोखाली जाईपर्यंत नाटक करत बसणार? शुक्रवारी सगळ्यांसमोर त्या गिटारवाल्याचं पितळ उघडं पाडते की नाही बघा. कपाटातून तिनं पप्पांचं मशीन काढलं, नवा सेल घातला आणि पर्समध्ये टाकलं. पुरावा असलेला बरा.

शुक्रवारी ती पोचली तेव्हा मंडळी गोल बसली होती. छताखाली एक बादली, तिच्यात टपटप. मधली खुर्ची रिकामी. पप्पा मागच्या रांगेत, तोच इस्त्रीचा शर्ट. ती थेट पाळकासमोर जाऊन उभी राहिली, पाठ पप्पांकडे.

"चमत्कार झाला म्हणे तुमच्याकडे," ती म्हणाली. "मी तपासलाय तो चमत्कार. माझ्या वडिलांना शून्य ऐकू येतं. याच आठवड्यात गाडीखाली जाताजाता वाचले. तुम्हाला छताला वर्गणी हवी होती तर मागायची होती, माझ्या बापाला का शेंडी लावलीत?"

नर्सबाईंनी तोंडावर हात ठेवला. पाळक उभा राहिला. तिला वाटलं, आता हा बायबलातली वचनं फेकणार. पण पोराचे कान लाल झाले.

"ताई, मलाही संशय होता," तो हळूच म्हणाला. "मी त्यांना मागून हाक मारून बघितली होती. त्यांनी ओ दिली नाही. म्हणून तर मी कुठं बोललो नाही, साक्षही द्यायला लावली नाही. ते स्वतःच उठले. मी विचारलं, काका नक्की ना? तर म्हणाले, नक्की, आता पुढच्याला बसवा."

"पुढचं कोण?"

"तेच तर कळत नाही. म्हणाले, येईल. नाव सांगणार नाही, पण येईल, जागा धरून ठेवा. आम्ही बसलोय रिकाम्या खुर्चीसमोर."

ती काही बोलणार एवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ती वळली. पप्पा मधल्या खुर्चीपाशी आले होते. तिचा आरडाओरडा त्यांना ऐकू गेलेला नव्हताच. त्यांनी एवढंच बघितलं होतं की आपली पोर आली, इतक्या वर्षांनी देवळात आली, आणि सरळ पुढं गेली. त्यांनी खिशातून रुमाल काढला, खुर्चीची बैठक पुसली, पाठही पुसली.

"ये बाळ," ते म्हणाले. "बस."

"मी?" ती म्हणाली. "मी कशाला? पप्पा, तुम्हाला काय... तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी तिचे ओठ वाचले, आणि मान खाली घातली. "कुणी नाही. तू फोनवर बोलत होतीस, खिडकीत. मी टेबलाशी होतो. मशीन बंद होतं माझं. डोळे उघडे होते गं. कारखान्यात आम्ही बोलायचोच ओठांनी."

इतकी वर्षं कानांचं काम करून ही बाई बापासमोर तोंड करून बोलली होती, आणि त्यांना ऐकू येत नाही म्हणून निर्धास्त होती. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"म्हणून खोटं बोललात?"

"मी अडवून बसलो होतो ना. झालं म्हटल्याशिवाय उठता येत नाही इथं. आता माझं काय राहिलंय? कान गेलेला म्हातारा. माझ्यापायी तुझी जागा अडायला नको."

"अहो काका," नर्सबाई न राहवून म्हणाल्या, मग त्यांच्या लक्षात आलं, त्या त्यांच्यासमोर येऊन सावकाश म्हणाल्या, "नुसतं सांगितलं असतंत, तिला बसवा, तर आम्ही नाही म्हटलं असतं?"

"कसं सांगणार?" पप्पा म्हणाले. "तिनं मला कुठं सांगितलं होतं?"

पाळक खाली बघत होता. इस्त्रीवाल्याची बायको पदरानं डोळे पुसत होती, आणि बाकी मंडळी, ज्यांना आता कळून चुकलं होतं की चमत्कारबिमत्कार काही झालेला नाही, ती नुसती बसून होती. कुणी उठून गेलं नाही.

ती खुर्चीत बसली नाही. बसायचा तिचा विचारही नव्हता, उगाच खोटं कशाला सांगू. तिनं पर्स उघडली, मशीन काढलं आणि पप्पांच्या कानामागं लावलं, आपल्या हातानं, जसं शेकडो लोकांना रोज लावते तसं. मशीन कानात बसताना त्यानं शिट्टी मारली, बारीक, लांबलचक. सगळ्यांना ऐकू गेली. पप्पांनी डोळे मिटून घेतले, लाजेनं त्यांची मान आणखी खाली गेली. ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थांबली. शिट्टी बंद झाली.

"सोमवारी मी तपासणीला जाते," ती म्हणाली. "या वेळी रद्द करत नाही. तुम्ही बरोबर यायचं. मशीन घालून यायचं."

"काय म्हणालीस?" पप्पांनी मान वर केली नव्हती. मशीनचा आवाज लहान ठेवलेला होता.

तिनं बोटानं आवाज वाढवला. दहापंधरा माणसं ऐकत होती, ऐकू देत.

"तुम्ही बरोबर या, पप्पा," ती म्हणाली. "डॉक्टर जे सांगतील ते माझ्या एकटीच्यानं ऐकवणार नाही."